बाळाला जपायचे ते कशापासून?

घरात बाळ जन्मले की सल्ल्यांना तोटा नसतो. दादी म्हणते, बाळंतिणीने अंडे खाऊ नये, बाळाला बाधते. नानी म्हणते, शेंगदाणा उष्ण, वर्षभर तरी त्याच्या तोंडाला लावू नका. शेजारच्या खाला सांगतात, खोलीत दोन वेळा लोबान फिरवा आणि खिडक्या बंद ठेवा. सारे मायेपोटीच चाललेले असते. पुढे काही महिन्यांत बाळाच्या गालांवर लाल चट्टे उठतात, वर्ष-दोन वर्षांत छाती घरघरू लागते आणि डॉक्टर 'ॲलर्जी' हा शब्द उच्चारतात. मग घरातल्या सगळ्यांची बोटे आईकडे वळतात. तूच काहीतरी खाल्ले असशील, तूच पथ्य मोडले असशील!

या आईची बाजू मांडण्यासाठी आणि तिच्या बाळाच्या भल्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. गेल्या पस्तीस-चाळीस वर्षांत बालपणीच्या ॲलर्जीवर जगभर जे संशोधन झाले, त्याने बऱ्याच जुन्या समजुती उलट्या केल्या. ज्या गोष्टींपासून आपण बाळाला दूर ठेवतो, त्यांतल्या काही त्याला वेळेवर मिळायला हव्या असतात. आणि ज्या गोष्टी आपण प्रेमाने त्याच्या उशाशी नेऊन ठेवतो, त्यांतल्या काही त्याच्या छातीला बाधतात.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

'ॲलर्जी' हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी वापरात आणला. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक फौज असते. तिला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. ही फौज कधी कधी मित्रालाच शत्रू समजते. दूध, अंडे, धुळीतले बारीक किडे, फुलांचे पराग या वस्तू एरवी निरुपद्रवी असतात. पण त्यांच्याविरुद्ध शरीर हत्यार उपसते. त्यातून खाज, पित्ताच्या गांधी, शिंका, दमा असे प्रकार होतात.

पुष्कळ मुलांत याचा एक क्रम दिसतो. पहिल्या वर्षात त्वचेवर खाजरा इसब येतो. त्याच सुमारास किंवा थोडे नंतर एखाद्या खाद्यपदार्थाची ॲलर्जी दिसते. पुढे दमा, आणि शाळेच्या वयात सततच्या शिंका व नाक गळणे. प्रत्येक मूल हा सगळा रस्ता चालतेच असे नाही. पण इसब असलेल्या बाळाला पुढच्या टप्प्यांचा धोका जास्त असतो.

यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. आई-वडिलांपैकी एकाला दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी असेल तर बाळाला धोका वाढतो. दोघांना असेल तर आणखी वाढतो. म्हणजे अब्बांच्या घराण्यातूनही हे येऊ शकते, हे सुनेकडे बोट दाखवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. पण सगळा दोष रक्ताचा म्हणावा, तर एका-दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. हे आजार मात्र अनेक देशांत तेवढ्याच काळात झपाट्याने वाढले. याचा अर्थ, बदलली ती आपली राहणी.

भावंडे, गोठा आणि माती

1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने 1958 साली मार्चच्या एका आठवड्यात जन्मलेल्या 17,000हून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्या मुलांना मोठी भावंडे जास्त, त्यांना परागांमुळे होणारी ॲलर्जीची सर्दी कमी, असे त्यांना आढळले. मोठी भावंडे शाळेतून, गल्लीतून जंतू घरी आणतात. त्यामुळे धाकट्याच्या फौजेला लहानपणीच शत्रू-मित्र ओळखायची तालीम मिळत असावी, असा तर्क त्यांनी मांडला.

त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. फॉन म्युटियस या जर्मन डॉक्टर बाईंनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतील मुलांची तुलना केली. पूर्वेकडची लायप्झिग आणि हाले ही शहरे कोळशाच्या धुराने काळवंडलेली. तेव्हा दमा तिथेच जास्त सापडेल असे वाटत होते. प्रत्यक्षात दमा आणि ॲलर्जीची सर्दी स्वच्छ, सुखवस्तू म्युनिकमध्ये जास्त निघाली. कोळशाचा धूर चांगला, असा याचा अर्थ नाही. त्या धुराने पूर्वेकडच्या मुलांना खोकला आणि छातीचे इतर त्रास होतच होते. पण ॲलर्जीमागे हवेखेरीज आणखी काही आहे, एवढे त्यातून कळले.

2016 मध्ये अमेरिकेतील अमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांवरचे संशोधन प्रसिद्ध झाले. दोघांचे मूळ युरोपातले, खाणेपिणेही बरेचसे सारखे. पण अमिश लोक घराला लागून गोठा ठेवतात, घोड्यांनी शेती करतात, आणि त्यांची मुले लहानपणापासून गुराढोरांत खेळतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची आणि घरांपासून दूर. अमिश मुलांत दमा साधारण 5 टक्के, तर हटराइट मुलांत 21 टक्के. अमिश घरांतल्या धुळीत जंतूंचे अंश जवळजवळ सातपट सापडले.

तेव्हा बाळ मोठ्या चुलत-मामेभावंडांच्या अंगाखांद्यावर वाढत असेल, अंगणातल्या बकरीला हात लावत असेल, रांगताना मातीत हात घालत असेल, तर दर वेळी घाबरून त्याला उचलायची गरज नाही. मात्र याचा उलटा अर्थही काढू नये. जेवणाआधी हात धुणे, स्वच्छ पाणी आणि वेळेवर लसीकरण यांना पर्याय नाही. गोवर, डांग्या खोकला आणि जुलाब यांतून कोणती तालीम मिळत नाही, मिळतो तो धोका. आणि घरातल्या मांजराचे म्हणाल, तर बाळ येणार म्हणून तिला घराबाहेर काढण्याची गरज नसते. बाळाला पुढे मांजराचीच ॲलर्जी असल्याचे तपासणीत निघाले, तर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने तिची दुसरीकडे सोय करावी लागते.

पोटातून मैत्री, त्वचेतून वैर

आता अंडे आणि शेंगदाणा. 2000 मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच सल्ला दिला होता, की ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. पण ॲलर्जी काही कमी झाली नाही, आणि 2008 मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला. त्याच वर्षी गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि इस्राएल येथील ज्यू मुलांची तुलना प्रसिद्ध केली. वंश एकच, पण ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जवळजवळ दहापट. फरक एवढाच ठळक दिसला, की इस्राएलमधली बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खात होती.

मग त्यांनी प्रयोगच केला. इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे जास्त धोक्याची, 4 ते 11 महिन्यांची 640 बाळे घेतली. अर्ध्यांना नियमित शेंगदाणा दिला, अर्ध्यांना पाच वर्षांपर्यंत टाळायला सांगितले. 2015 मध्ये निकाल आला. टाळणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली. खाणाऱ्यांपैकी सुमारे 3 टक्क्यांना. जपानमध्येही इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोड्या प्रमाणात दिली गेली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात वर्षाच्या वयाला त्यांच्यापैकी सुमारे 8 टक्क्यांना अंड्याची ॲलर्जी दिसली. अंडे न दिलेल्यांत हे प्रमाण 38 टक्के होते.

हे असे का व्हावे? लॅक यांचे म्हणणे थोडक्यात असे: पदार्थाची पहिली ओळख पोटातून झाली तर शरीर त्याला आपला मानते; तीच ओळख फुटलेल्या, सुजलेल्या त्वचेतून झाली तर शरीर त्याला घुसखोर समजते. शेंगदाण्याचे तेल असलेली मलमे इसबावर लावलेल्या बाळांत पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त दिसली, हे त्यांनी 2003 मध्येच दाखवले होते.

यातून आपल्या घरांसाठी काही साध्या गोष्टी निघतात.

पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. त्यानंतर वरण-भात, खिचडी सुरू झाली, की पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून थोडेसे द्यावे. शेंगदाण्याचे बारीक कूट पेजेत किंवा खिमटीत नीट मिसळून द्यावे. एका वेळी एकच नवा पदार्थ, सकाळच्या वेळी, चमचाभरापासून. आणि बाधला नाही तर आठवड्यातून दोन-तीन वेळा चालू ठेवावा. अख्खा शेंगदाणा, काजू किंवा बदाम पाच वर्षांच्या आत देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला जोराचा इसब असेल किंवा एखादा पदार्थ आधीच बाधला असेल, तर ही सुरुवात घरी न करता डॉक्टरांना विचारूनच करावी.

दुसरी गोष्ट मालिश-आंघोळीची. त्वचा कोरडी, खाजरी, लाल असेल तर तिच्यावर डाळीचे पीठ, साय किंवा वाटलेले बदाम चोळू नयेत. खरखरीत उटण्याने त्वचेचा वरचा थर निघतो आणि तिथूनच या पदार्थांचे अंश आत शिरतात. मोहरीचे तेलही नाजूक त्वचेला मानवत नाही, खोबरेल बरे. अत्तर, सुगंधी पावडर आणि वासाचे साबण बाळापासून दूरच असावेत. इसब असेल तर कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ घालावी, अंग टिपून लगेच साधी, बिनवासाची व्हॅसलीन लावावी आणि डॉक्टरांनी दिलेले मलम सांगितले तितके दिवस वापरावे. निरोगी त्वचेच्या बाळाला मात्र महागड्या लोशनची गरज नाही. ब्रिटनमध्ये 1,300हून अधिक बाळांच्या अभ्यासात सुमारे अर्ध्या बाळांना वर्षभर रोज क्रीम लावून पाहिले. 2020 मध्ये निकाल आला, की त्याने इसब टळत नाही.

आणि आईचे पथ्य? गरोदरपणी किंवा दूध पाजताना आईने अंडे, दूध, मासे, शेंगदाणे सोडल्याने बाळाची ॲलर्जी टळते, याला आधार सापडलेला नाही. उलट बाळंतिणीचा आहार तुटतो आणि तिचे अंग भरून येत नाही. बाळाला ॲलर्जी झाल्याचे निदान झाले आणि डॉक्टरांनी आईला एखादा पदार्थ सोडायला सांगितला, तर गोष्ट वेगळी. एरवी तिच्या ताटातले अंडे काढून घेणे म्हणजे तिच्यावर अन्यायच.

मायेने केलेला धूर

इतकी काळजी घेणारी आपली घरे एका बाबतीत मात्र फार ढिली आहेत. ती बाब म्हणजे धूर.

बाळंतिणीची खोली बंद. आत निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, बाळंतशेपा आणि लोबान. रात्री डासांसाठी कॉइल. गावाकडे असेल तर शेजारच्या खोलीत चूल. चाळीस दिवस हे सारे त्या एवढ्याशा छातीत जाते. बाळाची श्वासनलिका बारीक असते आणि ते आपल्यापेक्षा भराभर श्वास घेते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले, की एक कॉइल पूर्ण जळताना जितके बारीक धूलिकण सोडते, तितके 75 ते 137 सिगारेटींतून निघतात. घरात कुणी सिगारेट ओढत नाही असे अभिमानाने सांगणाऱ्या घरातही कॉइल मात्र रोज रात्री जळत असते.

सुगंध वाईट नाही. स्वच्छ, सुवासिक घर कोणाला आवडत नाही? पण लोबान, बखूर किंवा अगरबत्ती लावायचीच असेल तर बाळ दुसरीकडे असताना, दारे-खिडक्या उघड्या ठेवून लावावी. डासांसाठी मच्छरदाणी हा सर्वांत चांगला उपाय. शेकासाठी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून आईला देता येते. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत तर मुळीच नको. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूने माणूस झोपेतच दगावू शकतो.

तंबाखूचे तर विचारूच नका. गरोदरपणी आईच्या आसपास कुणी बिडी-सिगारेट ओढली, तरी पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांवर परिणाम होतो आणि जन्मानंतर त्याला घरघर व दम्याचा धोका वाढतो. अब्बांनी गॅलरीत जाऊन ओढली, तरी कपड्यांना आणि हातांना चिकटून ती आत येते. आपल्याकडे पुष्कळ बायका दातांना मशेरी लावतात आणि तिला तंबाखूत धरत नाहीत. मुंबईत 1,217 गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ज्या मशेरीसारखी, ओढायची नसलेली तंबाखू वापरत होत्या, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅम कमी भरले. कमी वजनाच्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे आधीच कमजोर असतात.

ओल हाही तसाच गुपचूप शत्रू. कोकणातल्या आणि मुंबईच्या घरांत पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरते, गाद्या दमट होतात आणि त्यांत धुळीचे किडे वाढतात. बाळाचा बिछाना त्या भिंतीपासून दूर असावा, उघडीप मिळेल तेव्हा गाद्या-गोधड्यांना कडक ऊन द्यावे, चादरी आठवड्याला गरम पाण्यात धुवाव्यात, आणि बुरशी रंगाखाली न लपवता आधी गळती थांबवावी.

पहिले दूध आणि औषधांची घाई

जन्मानंतरचे पहिले पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक, काही घरांत अजूनही 'खराब' म्हणून पिळून टाकतात. वास्तविक ते बाळाचे पहिले संरक्षण असते. भारतात जन्मल्यापासून तासाभरात आईचे दूध मिळणारी बाळे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 41.8 टक्केच होती. कुरआनने दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख केला आहे, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते; त्याची सुरुवात पहिल्या तासापासून व्हावी. आईच्या दुधाने ॲलर्जी हमखास टळते असे नाही. पण पहिल्या वर्षांतले छातीचे संसर्ग आणि घरघर त्याने कमी होते, एवढे नक्की. तहनीक करायची असेल तर स्वच्छ हातांनी, मऊ खजुराचा अगदी किंचित अंश पुरे. मध मात्र वर्षाच्या आत चाटवू नये. त्यातून बाळाला क्वचित, पण गंभीर अशी जंतूंची विषबाधा होऊ शकते.

त्याच पाहणीत देशातल्या 21.5 टक्के बाळंतपणांत सिझेरियन झाल्याचे दिसते; खासगी दवाखान्यांत तर 47.4 टक्के. सिझेरियनच्या बाळाला जन्मताना आईच्या अंगावरचे उपयोगी जंतू कमी मिळतात, आणि अशा मुलांत दमा थोडा जास्त आढळतो. गरज असेल तिथे सिझेरियन जीव वाचवते, तेव्हा त्याबद्दल आईने मन खात बसू नये. पण सोयीसाठी किंवा तारीख-मुहूर्तासाठी ते करून घेऊ नये.

प्रत्येक सर्दी-खोकल्याला अँटिबायोटिक मागण्याची सवयही सोडायला हवी. बहुतेक सर्दी विषाणूंची असते आणि विषाणूंवर ही औषधे चालत नाहीत. मरतात ते पोटातले उपयोगी जंतू. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 2000 ते 2014 या काळात वर्षाखालच्या बाळांना दिली जाणारी अँटिबायोटिक्स निम्म्याहून कमी झाली. त्याच काळात 1 ते 4 वर्षांच्या मुलांत दम्याची नवी निदाने हजारी 27 वरून 20 वर आली. डॉक्टरांनी गरज म्हणून दिले तर पूर्ण द्यावे. मागच्या वेळची उरलेली बाटली काढून स्वतःहून देऊ नये.

ॲलर्जी झालीच तर

इतके सगळे सांभाळूनही काही मुलांना ॲलर्जी होतेच. त्यात कुणाचा गुन्हा नसतो. अशा वेळी ऐकीव गोष्टींवरून एकामागून एक पदार्थ बंद करत जाऊ नये. वाढत्या मुलाचे त्यात कुपोषण होते. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे.

दम्याचे निदान झाल्यावर पुष्कळ घरांत पंपाला विरोध होतो. 'सवय लागेल' म्हणतात. पंपाची सवय लागत नाही. त्यातले औषध अगदी कमी मात्रेत थेट फुप्फुसात जाते, म्हणून तो तोंडावाटे घ्यायच्या औषधांपेक्षा सौम्य असतो. लहान मुलांना तो स्पेसर नावाच्या नळकांड्यातून आणि मास्क लावून देतात. पंप लपवून ठेवणे, किंवा बरे वाटताच मनाने बंद करणे, यातूनच मध्यरात्री दवाखान्याची धावपळ होते.

आणि हे मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. काही खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास अडखळू लागला, अंगावर गांधी उठून वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल एकदम मलूल पडले, तर दम फुंकून घ्यायला किंवा घरगुती उपाय करायला थांबू नये. 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी किंवा हाताला लागेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्यावे. दुआ वाटेतही करता येते.

मूल ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण म्हणतो. त्या अमानतीची राखण एकट्या आईवर सोपवून चालणार नाही. अब्बांनी सिगारेट सोडावी, दादीने मशेरी सोडावी, घरात कॉइलऐवजी मच्छरदाणी यावी, आणि बाळंतिणीच्या ताटात अंडे परत यावे. यांतली निम्मी कामे तर आज संध्याकाळपासूनच सुरू करता येतील.